पहिला फुलांचा चौकोन: क्रोशे शिकणाऱ्यांसाठी एक पाठ



नवापूर तालुक्यातील एका पाड्यावर आम्ही भगिनींसाठी क्रोशेचा वर्ग घेतो. भात लावणी आटोपली की श्रावणात थोडी उसंत मिळते आणि दिवाळीनंतर बरीच घरे ऊसतोडीला बाहेरगावी जातात. वर्गाला मिळतात ते मधले काही आठवडे. एवढ्या वेळात शिकून पुरा होईल असा एकच नमुना मी निवडला आहे, तो म्हणजे फुलांचा चौकोन. परदेशात याला ‘ग्रॅनी स्क्वेअर’, म्हणजे आजीचा चौकोन, म्हणतात. उरलेली लोकर यात खपते, आणि असे चौकोन जोडले की शाल, उशीचा अभ्रा किंवा पांघरूण तयार होते.

तुमच्यापैकी अनेकांनी आमच्या विक्रीच्या टेबलावर हे पांघरूण पाहिले असेल. या वेळी ते कसे विणतात ते शिकूया. आधी तुम्ही स्वतः एक चौकोन विणून पाहा. असे का म्हणते, ते शेवटी सांगते.

साहित्य

चार पदरी लोकर तीन-चार रंगांत, ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई, कात्री आणि दोरे लपवायला मोठ्या नाकाची बोथट सुई. पहिल्या वेळी काळी किंवा गडद निळी लोकर घेऊ नका, तिच्यात टाके दिसत नाहीत. आम्ही मध्याला पिवळा, त्याभोवती केशरी, पाकळ्यांना लाल आणि कडेला पांढरा रंग घेतो.

तीन टाके आणि एक जोड

साखळी: सरकगाठ करून सुईवर घ्या. सुईला दोरा गुंडाळून गाठीच्या फाशातून बाहेर ओढा. ही एक साखळी.

मुका खांब: सुई टाक्यात घालून दोरा ओढा, सुईवर दोन फासे येतील. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा.

खांब: आधी सुईवर दोरा घ्या, मग सुई टाक्यात घालून दोरा ओढा. सुईवर तीन फासे येतील. दोरा घेऊन दोन फाशांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा.

जोड: फेरी संपली की सुई फेरीच्या सुरुवातीच्या टाक्यात घालून दोरा ओढा आणि तोच दोरा सुईवरच्या फाशातूनही सरळ बाहेर काढा.

पहिल्या दिवशी आम्ही एवढेच शिकवतो. वीस साखळ्या घालायच्या, त्यांवर खांब विणायचे, उसवायचे, पुन्हा विणायचे. लोकर वाया जात नाही आणि हात सैल होतो.

चौकोन

पहिली फेरी, पिवळा: चार साखळ्या घालून जोड देऊन गोल करा. तीन साखळ्या घाला, या तीन मिळून एक खांब धरायचा. गोलाच्या मधल्या भोकात आणखी ११ खांब विणा. एकूण १२. तिसऱ्या साखळीत जोड द्या. चार बोटे दोरा सोडून कापा व फाशातून ओढून घ्या. प्रत्येक फेरीचा शेवट असाच करायचा.

दुसरी फेरी, केशरी: दोन खांबांमधल्या कोणत्याही फटीत नवा दोरा बांधा. तीन साखळ्या आणि त्याच फटीत एक खांब, ही पहिली जोडी. पुढच्या प्रत्येक फटीत दोन-दोन खांब. १२ जोड्या, २४ खांब.

तिसरी फेरी, लाल: ही पाकळ्यांची फेरी. प्रत्येक दोन जोड्यांमधल्या फटीत एक पाकळी येते. पाकळी म्हणजे तीन अपुरे खांब. प्रत्येक खांब विणताना शेवटचा ओढा द्यायचा नाही, एक फासा सुईवरच ठेवायचा. तीन झाले की सुईवर चार फासे होतात. दोरा घेऊन चारही फाशांतून एकदम काढा. मग दोन साखळ्या घालून पुढच्या फटीत जा. अगदी पहिल्या पाकळीसाठी तीन साखळ्या आणि दोनच अपुरे खांब, म्हणून तिथे सुईवर तीन फासे येतील. एकूण १२ पाकळ्या. शेवटच्या पाकळीनंतरही दोन साखळ्या घालून पहिल्या पाकळीच्या माथ्यावर जोड द्या.

चौथी फेरी, पांढरा: इथे गोलाचा चौकोन होतो. पाकळ्यांमधल्या कोणत्याही भोकात तीन खांब, दोन साखळ्या आणि पुन्हा तीन खांब विणा. हा कोपरा. पुढच्या दोन भोकांत फक्त तीन-तीन खांब. त्यापुढच्या भोकात पुन्हा कोपरा. असे चार वेळा. एकूण ४८ खांब.

पाचवी फेरी, पांढराच: कोपऱ्यातल्या दोन साखळ्यांच्या भोकात पुन्हा कोपरा. बाजूला तीन-तीन खांबांच्या झुबक्यांमध्ये फटी आहेत, प्रत्येक बाजूला तीन. प्रत्येक फटीत तीन खांब. एकूण ६० खांब.

सर्व दोरे बोथट सुईने उलट बाजूला टाक्यांतून मागे-पुढे ओवून मग कापा. घाईने जवळ कापले की धुतल्यावर सुटतात.

हमखास होणाऱ्या चुका

चौकोनाला कोपरे तीन किंवा पाच आले, तर दोष बहुधा तिसऱ्या फेरीत असतो. पाकळ्या ११ किंवा १३ झालेल्या असतात. म्हणून चौथी फेरी सुरू करण्याआधी पाकळ्या मोजा. चौकोन वाटीसारखा वर उचलला, तर हात घट्ट आहे किंवा टाके कमी पडले आहेत. कडेला झालर पडली, तर टाके जास्त झाले आहेत किंवा हात फार सैल आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माप. पहिला चौकोन नीट झाला की तो पट्टीने मोजून जपून ठेवा आणि पुढचा प्रत्येक चौकोन त्यावर ठेवून पाहा. आमच्या पहिल्या पांघरुणाच्या वेळी मी हे केले नाही. सहा भगिनींनी विणलेले चौकोन तसेच जोडले. कोणाचा पाच इंचांचा, कोणाचा साडेपाचांचा. पांघरूण मधे फुगले आणि सगळे जोड उसवावे लागले. चूक माझी होती, जादा काम त्यांना पडले.

जोडताना दोन चौकोनांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा आणि दोन्हींच्या कडांतून एकत्र मुके खांब विणा.

आणखी एक मोजणी

त्या पांघरुणात ४८ चौकोन होते, सहा गुणिले आठ. मी किंमत ठरवली ती लोकरीचा खर्च आणि वर थोडी रक्कम अशी. मला ती योग्य वाटली. घरबसल्या काम, रिकाम्या वेळात होते, असे मी म्हणालेसुद्धा. तेव्हा वर्गातल्या एका भगिनीने विचारले, “ताई, भात लावायला गेलो की मालक दिवस मोजतो. इथं टाके मोजतो, पाकळ्या मोजतो, मग दिवस का नाही मोजत?”

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही घड्याळ घेऊन बसलो. सरावलेल्या हाताला एका चौकोनाला सुमारे ४० मिनिटे लागली. ४८ चौकोनांचे ३२ तास, म्हणजे आठ तासांचे पूर्ण चार दिवस. जोडणी आणि दोरे लपवणे वेगळेच. मी वर ठेवलेल्या रकमेत एका दिवसाची मजुरीही बसत नव्हती.

ही चूक करणारी मी पहिली नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी स्त्रियांना लेस विणायला शिकवले आणि तिथली क्रोशेची लेस पुढे परदेशी गेली. मारिया मीस या अभ्यासिकेने १९८२ साली तिथल्या विणकर स्त्रियांवर पुस्तक लिहिले. घरी बसून, फावल्या वेळात केलेले काम असे मानल्यामुळे त्या स्त्रियांच्या हाती फार थोडे पडत होते आणि नफा व्यापारी व निर्यातदारांकडे जात होता, हे तिने दाखवले. कला शिकवणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी मजुरीचा हिशेब आपोआप चांगला होत नाही.

अनुवादाच्या २४व्या अध्यायात मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे. धर्मशिक्षण घेताना मी ती पाठ केली होती. तिचा संबंध लोकरीच्या गुंड्याशी आहे हे मला पाड्यावर कळले. आता प्रत्येकीच्या वहीत चौकोनांची संख्या आणि लागलेला वेळ लिहिला जातो. लिहिता न येणाऱ्या भगिनी दर चौकोनामागे एक रेघ ओढतात. मजुरी त्या हिशेबाने आधी दिली जाते, विक्री नंतर होते. किंमत वाढली, काही गिऱ्हाइके कमी झाली, हेही खरे आहे.

म्हणून विनंती अशी की या तिमाहीत एक चौकोन स्वतः विणा आणि सुरू करताना घड्याळ पाहा. पहिल्या चौकोनाला दोन-तीन तास लागले तर निराश होऊ नका, आम्हा सर्वांना तेवढेच लागले होते. पुढच्या वेळी विक्रीच्या टेबलापाशी पांघरूण हातात घ्याल, तेव्हा आधी त्यातले चौकोन मोजा आणि मग किमतीची चिठ्ठी वाचा.