पाटीवर अडखळणारे मूल आणि आपली जबाबदारी

धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथकाची कथा येते. चार महिन्यांत एक गाथाही पाठ होईना, म्हणून ज्येष्ठ बंधू महापंथकाने त्यास विहार सोडण्यास सांगितले. भगवंतांनी त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला आणि तो चोळीत ‘रजोहरणं’ एवढेच म्हणत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले. त्यातूनच अनित्यता उमगून तो अर्हत झाला. शिष्य तोच होता. बदलली ती शिकविण्याची रीत.

१८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या पर्सीची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, पण वाचन जमेना. सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत तल्लख ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. यालाच आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो. हा बुद्धीचा अभाव नव्हे आणि आळसही नव्हे.

देवनागरीत ‘कि’ उच्चारताना क आधी येतो, लिहिताना मात्र वेलांटी आधी दिसते. जोडाक्षरे, रफार, ‘भ-म’, ‘घ-ध’ येथे असे मूल वारंवार अडखळते; तोंडी उत्तर मात्र अचूक देते. फैजपूर परिसरात काही मुलांची घरची बोली लेवा गणबोली, तडवी वा पावरी असते. प्रमाण मराठी नवी असल्यानेही अडखळणे घडते. म्हणून घाईने शिक्का मारू नये. प्रथम दृष्टी व श्रवण तपासावे, सराव द्यावा आणि तरीही अडचण टिकल्यास तज्ज्ञांकडे न्यावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ती लवकर ओळखून योग्य अध्यापन-उपाय योजणे, हे या कायद्याने शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरविले आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. अधिकृत प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. ही दया नव्हे, हक्क आहे.

परंतु हा हक्क मागावयाचा कोणी? दिवसाच्या शाळेत आई-वडील येऊन विचारतात. आपल्या वसतिगृहातील कित्येकांचे पालक केळीच्या बागांत मजुरीला जातात. मूल महिनोन्‌महिने आपल्याच छत्राखाली असते. तेव्हा पालकाची बाजू आपणच मांडली पाहिजे. वर्गशिक्षकांनी चुकांची दिनांकवार नोंद ठेवावी. अधीक्षकांनी ती पालकांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावी. मुख्याध्यापकांनी तपासणीचा व सवलतींचा पत्रव्यवहार दहावीच्या तोंडावर नव्हे, वेळीच करावा. वर्गात अशा मुलास सर्वांसमोर मोठ्याने वाचावयास लावू नये. अक्षर वाळूत गिरवून, ध्वनी फोडून शिकवावे.

शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावे आपण हजेरीपटावरून कमी करतो. त्यांत एखादा चुल्लपंथक होता काय, हा प्रश्न आपण सर्वांनी स्वतःस विचारावा.