सोपा कातळ : एक पाठ

इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना आय. ए. रिचर्ड्‌स हे नाव परिचित आहे ते समीक्षक म्हणून. हे रिचर्ड्‌स प्रस्तरारोहणातही मुरलेले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

उत्तर वेल्समध्ये हिमनदीने कोरलेले कूम इडवल नावाचे खोरे आहे. तेथील तळ्याच्या वर एक विस्तीर्ण, कलता कातळ पसरला आहे. त्याचे नाव इडवल स्लॅब्ज. १९१५ साली या कातळावरची ‘होप’ म्हणजे ‘आशा’ ही सुमारे ४५० फुटांची वाट प्रथम चढली गेली. आघाडीवर होत्या एमिली डॅनियल. ई. एच. यंग या नावाने कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखिका त्या याच. त्यांच्या सोबत्यांत तरुण रिचर्ड्‌स होते.

या वाटेची श्रेणी ‘व्हेरी डिफिकल्ट’. नाव भयंकर, पण आज ही नवशिक्यांची श्रेणी मानली जाते. कातळ उभा नाही, खाचा भरपूर आहेत. मग शिकायचे ते काय?

पहिला धडा पावलांचा. नवखा माणूस भीतीने कातळाला बिलगतो आणि नेमका तेव्हाच घसरतो. कारण साधे आहे. पाऊल टिकते ते घर्षणावर आणि घर्षण अवलंबून असते दाबावर. पुढे झुकून हात टेकले की दाबाचा काही वाटा हातांकडे जातो व पावलांवरचा दाब तेवढा घटतो. म्हणून अंग कातळापासून दूर, ताठ ठेवावे. टाचा खाली, पावले लहान. हात केवळ तोल सांभाळण्यापुरते.

दुसरा धडा सावधगिरीचा. शंभराहून अधिक वर्षे बुटांनी घासून ‘होप’च्या खाचा गुळगुळीत झाल्या आहेत, पावसात त्या अधिकच निसरड्या होतात. शिवाय कातळाचा माथा म्हणजे डोंगराचा माथा नव्हे. तेथून आडवे जाऊन खडकांतून उतरावे लागते. चढ संपला या समाधानात दोर सोडला जातो, मन सैल पडते आणि धोका असतो तो तेथेच. चढाई सोपी असली म्हणून पडणे सोपे होत नाही.

‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) या ग्रंथामागचा रिचर्ड्‌स यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी कवींची नावे काढून टाकून कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या. नावाचा आधार जाताच भलेभले वाचक चाचपडले. कातळाचेही तसेच नाही काय? ‘सोपा’ हे कोणीतरी आधी लावलेले नाव आहे. ते बाजूला ठेवून समोरचा दगड, आजचे हवामान आणि आपले थकलेले पाय हे आपण स्वतः वाचले पाहिजेत.

पावसाळ्यात आपल्यापैकी अनेकजण गडांवर जातात. “अरे, सोपा आहे, चल!” असे कोणी म्हणाले, तर क्षणभर थांबून एवढे वाचन अवश्य करावे.