अकरावी उघडताय ना, मग आधी एवढं ऐक

अगं, परवा फोनवर तू एका दमात विचारलंस, 'ताई, सीबीएसई घेऊ की आपलं राज्य मंडळच बरं?' आणि मी भाताच्या लावणीवर बोलायला लागले. मुद्दामच. तुमच्या संस्थेचे अध्यक्ष तुझ्याशेजारी बसलेत हे आवाजावरून कळत होतं. त्यांच्यासमोर तुझ्या तोंडून 'नको' वदवून घ्यायचं नव्हतं मला. नोकरी तुला तिथेच करायची आहे.

आता दोघीच आहोत, तर सरळ सांगते. सीबीएसईचा नाद सोडून द्या. तो अभ्यासक्रम वाईट आहे असं मुळीच नाही. पण दहावी राज्य मंडळाची आणि अकरावी सीबीएसईची, असं एकाच शाळेत चालत नाही. अख्खी शाळाच बदलावी लागते. राज्याची हरकत येऊ द्यायची नाही, अनुदानाची आशा सोडायची आणि शिक्षकांचा सगळा पगार पालकांच्या फीमधून काढायचा. वेल्ह्याच्या खोऱ्यात ती फी भरणार कोण? ज्यांना परवडते त्यांची मुलं कधीच पुण्याला गेली. शिवाय सरकारने 2025-26 पासून पहिलीला सीबीएसईच्या धर्तीचा अभ्यासक्रम आणायचं जाहीर केलं आहे. म्हणजे राज्य मंडळच हळूहळू त्या वळणावर निघालंय.

नव्या पाटीचा मोह कसा असतो ते आपल्या जिल्ह्यानेही पाहिलंय. 2018 मध्ये सरकारने आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा त्यात होती. 2021 मध्ये ते मंडळच गुंडाळलं आणि शाळा पुन्हा राज्य मंडळाकडे आल्या. वाबळेवाडीचं नाव झालं ते गावकऱ्यांनी दिलेल्या जमिनीमुळे आणि शिक्षकांच्या कष्टांमुळे. मंडळाचा शिक्का नंतरचा.

मंडळाचं झालं. खरी डोकेदुखी शाखेची आहे, आणि त्याबद्दल तुमच्या संस्थेच्या सभेत कुणी चकार शब्द काढणार नाही बघ. 'कला शाखा काढू, खर्च नाही, दोन खोल्या आणि तासिका तत्त्वावर चार शिक्षक' असं म्हणून मोकळे होतील.

पण केळद, पासलीकडच्या मुलीचा विचार कर. मुलगा नसरापूरला, भोरला जाईल, मित्राच्या गाडीवर जाईल, नाहीतर पुण्यात काकाकडे राहील. मुलीला घरचे एसटी जिथवर जाते आणि अंधाराच्या आत परत येते तिथवरच पाठवतात. पावसाळ्यात तेही धड नाही. म्हणजे तुम्ही जी शाखा उघडाल तीच तिची शाखा. दहावीला गणितात नव्वद पडलेली पोरगी निव्वळ जवळ आहे म्हणून इतिहास घेऊन बसलेली मी पाहिली आहे, एक नाही, दरवर्षी. इतिहासाशी माझं वाकडं नाही गं, मी आयुष्यभर तोच शिकवला! पण तो तिने निवडलेला नव्हता.

म्हणून माझं मत विज्ञानाकडे झुकतं. मात्र एका अटीवर: गणिताचा शिक्षक पक्का हवा, तालुक्यात राहणारा. प्रयोगशाळा उभी करता येते. भौतिक, रसायन, जीवशास्त्राला प्रत्येकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात, त्यामुळे ती नुसती कागदावर चालणारच नाही. पण गणिताचं काय करशील? अभियांत्रिकीच्या सीईटीत दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे, एकेक प्रश्न दोन गुणांचा. भौतिक, रसायन मराठीतून देता येतं, गणिताचा पेपर तेवढा इंग्रजीतच. आपल्या मराठी माध्यमाच्या पोरी नेमक्या तिथे अडकतात. दर दिवाळीनंतर शिक्षक बदलणार असेल, तर विज्ञान उघडूच नका. अर्धवट विज्ञानापेक्षा नीट चाललेली कला शाखा कितीतरी बरी, हे इतिहासाची बाई म्हणूनही सांगते.

द्विलक्षीचा, म्हणजे व्यवसाय विषय जोडलेल्या अकरावी-बारावीचाही विचार व्हावा. पीकशास्त्र घेतलं की दोनशे गुणांचा तो एकच विषय, दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. आपल्याकडे इंद्रायणीची खाचरं शाळेच्या कुंपणाला लागून आहेत, प्रात्यक्षिकाला लांब जायला नको. मुलांपैकी बरेच आयटीआयकडे वळतील आणि तिथून शिरवळच्या कंपन्यांत. त्यांना अडवू नका, फक्त एवढं सांगा की दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड करून मंडळाचे भाषाविषय दिले, तर बारावीची समकक्षता मिळते. हे कितीजणांना ठाऊकच नसतं.

आणि हो, एक जपून. मान्यता मिळाली रे मिळाली की पुण्याहून एखादी अकॅडमी येईल. नाव तुमचं, वर्ग त्यांचे, मुलं हजेरीपटावर तुमच्याकडे आणि प्रत्यक्षात तिकडे. अध्यक्षांना पैसा दिसेल. तेव्हा तू बोललंच पाहिजेस, कारण ज्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्यासाठी मग रिकामी प्रयोगशाळा उरते.

प्रवेशाचंही बदललंय. पूर्वी दहावीचा निकाल लागला की आम्ही वाड्यावस्त्यांवर फिरून मुलं गोळा करायचो, चहा पीत पालकांना गळ घालायचो. 2025 पासून अकरावी राज्यभर ऑनलाइन झाली, दहापर्यंत पसंतिक्रम भरता येतात. पोरगी मोबाइलवर तुमच्या आधी पुण्याची कॉलेजं बघणार. तरी वस्तीवर जाणं सोडू नका. फॉर्म भरायला बापाला मदत करा, निदान पहिला पसंतिक्रम समजून तरी भरला जाईल.

सभेला जाताना तुमच्या शाळेच्या गेल्या तीन वर्षांच्या दहावीच्या मुलींची यादी ने. नाव, गाव, गणिताचे गुण आणि आज ती कुठे आहे, एवढे चारच रकाने. यादी करायला शिपाईमावशींना बरोबर घे, त्यांना सगळ्यांची घरं माहीत असतात. आणि अध्यक्षांना आधी दाखवू नकोस, सगळ्यांसमोरच वाच.