सायनस लिफ्ट झालेला रुग्ण आणि नस्यकर्म

वरच्या दाढा पडून काही वर्षे लोटली, की त्या जागी दंतरोपणास पुरेसे हाड उरत नाही. दाढांच्या मुळांवर ऊर्ध्वहन्वस्थीतील पोकळी, म्हणजे मॅक्सिलरी सायनस असते. दाढा गेल्यावर ती खाली विस्तारते व हिरडीकडून हाडही झिजते. कधी जेमतेम ३-४ मि.मी. हाड शिल्लक राहते. अशा वेळी सायनस लिफ्ट हे शस्त्रकर्म करतात. अमेरिकेतील हिल्ट टेटम यांनी ते १९७६ मध्ये मांडले. बॉइन आणि जेम्स यांचा लेख १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. गालाच्या बाजूने हाडास लहान खिडकी करून, पोकळीचे १ मि.मी.हूनही पातळ असणारे अस्तर अलगद उचलतात आणि त्याखाली अस्थिपूरक कण भरतात. हे कण रुग्णाच्याच हाडाचे, कृत्रिम किंवा गोवंशाच्या अस्थीपासून केलेले असतात. (शेवटच्या प्रकाराची कल्पना रुग्णास आधी द्यावी, असे आमचे मत आहे.) हाड पक्के होण्यास बहुधा सहा ते नऊ महिने लागतात.

आपला संबंध येतो तो यानंतर. अकोला किंवा नागपूर येथे शस्त्रकर्म करवून रिसोड-मानोऱ्याकडे परतलेला रुग्ण आठवड्याभरात नाक चोंदले म्हणून वैद्याकडे येतो व केवळ "दात बसवला" एवढेच सांगतो. प्रतिश्याय समजून नस्य दिले, तर शिंका येतात, रुग्ण जोराने नाक शिंकरतो. त्या दाबाने नाजूक अस्तर फाटून कण पोकळीत जाऊ शकतात व जंतुसंसर्ग होतो. म्हणून किमान पहिले काही आठवडे नस्य, धूमपान, वमन व जोराचा कवल वर्ज्य समजावा. पुढेही दंतशल्यचिकित्सकाच्या अनुमतीनेच नस्य द्यावे. शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी, स्ट्रॉने पेय घेऊ नये. खर्रा तर सोडलाच पाहिजे. तंबाखूने व्रण भरण्यास विलंब होतो आणि आपल्याकडे हे पथ्यच सर्वात कठीण जाते.

प्रारंभी नाकातून किंचित रक्त येणे अपेक्षित असते. मात्र एका बाजूने दुर्गंधी स्राव, ज्वर, वाढती सूज किंवा नाकातून बारीक कण पडणे दिसल्यास औषध देत न बसता रुग्णास त्वरित परत पाठवावे.

शस्त्रकर्मापूर्वी मात्र चित्र उलट आहे. जीर्ण प्रतिश्याय असल्यास तो आधी बरा करणे आवश्यक असते, आणि तेथे वैद्याला वाव आहे.

औषधी विक्रेत्यांनीही अणुतैल वा षड्बिंदू तैल देताना विचारावे : वरच्या जबड्यात अलीकडे काही शस्त्रक्रिया झाली आहे काय?