हुरड्याच्या दिवसांतील पाहुणे

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे गाव आहे. गावाभोवती काळी, कसदार जमीन पसरली आहे. दिवाळी सरली, की या शिवाराचे रूप पालटते. पाऊस केव्हाच निघून गेलेला असतो. तरीही जमिनीने पोटात साठवलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी वाढत राहते. हरभऱ्याला घाटे धरतात, तुरीच्या शेंगा भरतात. पहाटे पानापानांवर दव चमकते आणि अंगणातील शेकोटीभोवती लहानथोर गोळा होतात.

याच दिवसांत शिवारात काही पाहुणे वावरताना दिसतात. त्यांना कोणी निमंत्रण दिलेले नसते. ओढ्याच्या काठाने, शेपटी वरखाली हलवीत, तुरुतुरु चालणारा परीट हा त्यांपैकी एक. पिकाच्या शेंड्यांवरून पंख किंचित उचलून तरंगत जाणारा भोवत्या हा दुसरा. त्याची दृष्टी खाली उंदीर आणि नाकतोडे यांचा शोध घेत असते. परंतु संख्येने सर्वांत मोठा परिवार असतो तो भोरड्यांचा. साळुंकीएवढा हा पक्षी. डोके, पंख व शेपटी काळी आणि पाठपोट फिकट गुलाबी. शेकडो भोरड्या एकदम उडाल्या, म्हणजे आकाशात एखादे वस्त्र झटकल्यासारखे भासते.

हे पक्षी येतात तरी कोठून? भोरड्यांची वीण पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशांत होते. तेथील थंडी कडक असते, हे खरे; परंतु केवळ थंडीला भिऊन पक्षी देश सोडत नाहीत. पिसे फुलवून ते आपल्या अंगाची ऊब राखू शकतात. खरी अडचण अन्नाची असते. बर्फाने जमीन झाकली, किडे नाहीसे झाले, की पोट कसे भरावे? म्हणून ते हजारो किलोमीटरांचा प्रवास करतात. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या साहाय्याने स्थलांतर करणारे पक्षी दिशा ओळखतात. हे मार्ग समजून घेण्यासाठी डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने 1959 साली एक मोठे कार्य आरंभिले. पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली हलकी कडी घालून त्यांना सोडून देण्यात येई. तेच पक्षी दूरदेशी पुन्हा सापडले, म्हणजे त्यांच्या प्रवासाचा उलगडा होई.

मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने हे पाहुणे सुखाचेच असतात, असे नाही. कणसे चिकात आली, की घरातील एखादा मुलगा हातात गोफण घेऊन माळ्यावर चढतो. पहाटेच्या गारठ्यात त्याची बोटे आखडतात; पण जागा सोडून चालत नाही. भोरड्यांचा थवा शेतात उतरला, तर घटकाभरात कितीतरी कणसांचे दाणे नाहीसे होतात. त्या दाण्यांत घरच्यांची वर्षाची भाकरी असते. पूर्वी सारे शिवार ज्वारीचे असे, तेव्हा नुकसान अनेकांत वाटले जाई. आता ज्वारीचे क्षेत्र घटले आहे. एकट्यादुकट्या शेतावर थवा उतरला, म्हणजे त्या एकाच घराला सारी झळ सोसावी लागते. म्हणून मुलाच्या हाळीला आणि गोफणीच्या आवाजाला कोणी निर्दयपणा म्हणू नये. थवा उडावा, एवढाच त्याचा हेतू असतो.

पण भोरड्यांच्या हिशेबाला दुसरीही बाजू आहे. हा पक्षी टोळांचा व नाकतोड्यांचा मोठा शत्रू आहे. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा उपद्रव कमी व्हावा, म्हणून लोक त्याच्यासाठी मुद्दाम घरट्यांची सोय करतात. हिवाळा संपता संपता पळस फुलला, की भोरड्या त्याच्या फुलांतील मध पिण्यास जमतात आणि परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. पळसमैना हे त्यांचे दुसरे नाव त्यावरूनच पडले. एका शेतात जो चोर ठरतो, तोच दुसऱ्या शेताचा राखणदार असतो.

गावाच्या नावाशी ज्याचे नाव जुळते, त्या पिंगळ्याचीही गोष्ट अशीच आहे. हा लहानसा घुबडाच्या कुळातील पक्षी पाहुणा नव्हे. तो बाराही महिने झाडाच्या ढोलीत राहतो. त्याच्या ओरडण्यावरून शकुन-अपशकुन पाहण्याची रीत जुनी आहे. वास्तविक तो रात्री किडे आणि उंदीर टिपून शेतकऱ्याचे धान्यच राखीत असतो. ऐकीव गोष्टींवरून त्याला अशुभ ठरवणारे लोक त्याचे हे काम पाहतच नाहीत.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. अरण्याचे अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांचे जन्मदिवस अनुक्रमे या सप्ताहाच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी येतात. पक्षी पाहण्यास दूरच्या अरण्यात जावे लागत नाही. घरामागचा बांध, ओढ्याचा काठ, विजेची तार, एवढे पुरे आहे. पहिला परीट कोणत्या दिवशी दिसला, भोरड्या केव्हा परतल्या, हे वहीत लिहून ठेवणाऱ्या मुलाला काही वर्षांत आपल्या गावाचे एक नवे पंचांग हाती लागते.

माळ्यावरचा मुलगाही हेच करू शकतो. गोफण फिरवून झाली, थवा उडून गेला, की त्याने क्षणभर आकाशाकडे पाहावे. धान्य राखणे हे त्याचे कर्तव्य आहे. आणि दूरदेशीच्या त्या प्रवाशांना ओळखणे हा त्याचा आनंद आहे.