कोनच्या इमारतींत मेंढपाळी सेवा

‘धर्मनिरपेक्षता’ आणि ‘इहवाद’ हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. अभ्यासाला बसण्यापूर्वी ते वेगळे करून घेतलेले बरे. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत 1976 साली 42 व्या घटनादुरुस्तीने आला. मात्र धर्म पाळण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य 25 व्या कलमाने 1950 पासूनच दिलेले आहे. आपल्यासारख्या लहान समाजाला हे मोठे छत्र आहे, त्याविरुद्ध आपली तक्रार असण्याचे कारण नाही. इहवाद ही निराळी गोष्ट. तिथे देवाला कोणी मोठ्याने नाकारत नाही. दिवसाच्या धावपळीत देवासाठी जागाच उरत नाही, एवढेच. मेंढपाळी सेवेपुढचा खरा प्रश्न हा दुसरा आहे.

तो पाहायला युरोपात जाण्याची गरज नाही, आपले कोन पुरेसे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गालगतचे हे गाव. भातशेतीच्या शेजारी आता उंच इमारती उभ्या आहेत. त्यांतील 2,417 घरांची सोडत 2016 साली गिरणी कामगारांसाठी काढण्यात आली. 1982 च्या संपानंतर ज्यांची गिरणी गेली, त्यांच्यातल्या कित्येकांचे आयुष्य घराची वाट पाहण्यात सरले. त्यात कोविडच्या काळात या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या आणि चाव्या हाती पडायला आणखी काही वर्षे गेली. ज्याने अर्ज भरला त्याच्या वतीने चावी घ्यायला कुठे मुलगा आला, कुठे विधवा पत्नी. अशा घरात जो शिरतो तो आधी सोडून आलेल्या चाळीची आठवण काढतो. चाळीत दार उघडे असे, इथे ते बंद असते.

आपली मेंढपाळी सेवा उघड्या दारांच्या काळात घडली. वसईच्या गावात धर्मगुरूंना कोण आजारी आहे हे विचारावे लागत नसे, मिस्सा संपता संपता चार जणी ते सांगून जात. इथे कोणी वसईचे, कोणी मंगळूरचे, कोणी अहिल्यानगरकडचे. कोणाची मिस्सा मराठीत, कोणाची कोकणीत, कोणाची इंग्रजीत. रविवारीही पाळी असते. ज्याची पाळी नसते तो आठवड्याची झोप भरून काढतो. अशा माणसाला ‘श्रद्धा कमी झाली’ असे आपण चटकन म्हणून टाकतो. आम्हांला हे म्हणणे अन्यायाचे वाटते. ज्याला आठवडाभरात कोणी नावाने हाक मारली नाही, त्याच्या श्रद्धेचा हिशेब आपण कोणत्या तोंडाने मागावा?

फ्रान्समध्ये हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी उभा राहिला होता. 1943 साली दोन धर्मगुरूंनी एका पुस्तकात विचारले, की पॅरिसची कामगार वस्ती हेच आता मिशनक्षेत्र झाले नाही काय? पॅरिसचे कार्डिनल स्युहार यांनी तो प्रश्न मनावर घेतला आणि काही धर्मगुरू कारखान्यांत कामगार म्हणून रुजू झाले. 1954 साली रोमने हा प्रयोग थांबवला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शेवटी, 1965 मध्ये, त्याला पुन्हा परवानगी मिळाली. प्रत्येक धर्मगुरूने यंत्रावर उभे राहावे असे कोणी म्हणत नाही. पण लोक चर्चकडे येत नसतील तर चर्चने लोकांकडे जावे, हा त्यातला धडा आपल्या कामाचा आहे.

जायचे म्हणजे काय? गेटवरच्या वहीत नाव लिहून, कोणाकडे जायचे ते सांगून, लिफ्टने वर जायचे. हातात पत्रकांचा गठ्ठा नको. हल्ली ‘धर्मांतर’ हा शब्द हवेत आहे, आणि अनोळखी माणूस दारात आला की शेजारी बिचकतात. आपले येणे-जाणे उघड असले की बिचकणे कमी होते.

घरात गेल्यावर प्रश्न निघतात ते पुस्तकातले नसतात. मुलगी हिंदू मुलाशी लग्न ठरवते आणि आईवडील चर्चमध्ये तोंड दाखवायला लाजतात. त्यांना सांगावे, की बिशपांच्या अनुमतीने असा विवाह चर्चमध्ये होऊ शकतो. आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सारे करण्याचे वचन कॅथलिक व्यक्ती देते. मुलाकडून धर्म बदलण्याची अट कोणी घालत नाही, त्या वचनाची कल्पना मात्र त्याला द्यावी लागते. हे वेळेवर न कळल्यामुळे किती कुटुंबे गुपचूप दूर झाली असतील!

आजाऱ्यांचे तसेच. रुग्णाभ्यंग धर्मगुरूच देऊ शकतात, पण प्रभूभोजन घरी नेण्यासाठी 1973 पासून प्रापंचिकांचीही नेमणूक होऊ शकते. चौदाव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजीला महिन्यातून एकदा येणाऱ्या धर्मगुरूंपेक्षा त्याच इमारतीत राहणारी, दर रविवारी मिस्साहून परतताना तिचे दार वाजवणारी सेविका अधिक उपयोगाची आहे. ती तापाची गोळीही आणून देईल.

आणि शेजारी? संदेष्टा यिर्मया बाबेलमध्ये नेलेल्या बंदिवानांना लिहितो, की ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. पाण्याचा टँकर, बंद पडलेली लिफ्ट, सोसायटीची सभा हे त्या भल्यातच येते. अथेन्समध्ये संत पौल बोलण्याआधी शहर हिंडून पाहतो, लोकांच्या वेदी निरखतो. आपण सोसायटीच्या सभेला गैरहजर राहतो आणि नाताळच्या ताऱ्याला परवानगी मिळाली नाही की मग तेवढे बोलायला जातो.

आगमनकाळ सुरू होण्यापूर्वी एक काम करता येईल. आपल्या इमारतीत कॅथलिक कुटुंबे किती, एकटे वृद्ध कोण, आजारी कोण, रविवारी पाळी कोणाची, हे ज्याचे त्याला विचारून, त्याची संमती घेऊन कागदावर लिहावे आणि तो कागद धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावा. रविवारी पाळीवर असणारे पुरेसे निघाले, तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा कोणत्या वेळेला ठेवावी हे धर्मगुरूंना ठरवता येईल. शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे त्यांनाही कळवावे.