जुन्याला नवे करणारी इंग्रजी क्रियापदे

मराठीत आपण घराचे नूतनीकरण म्हणतो आणि परवान्याचेही नूतनीकरणच म्हणतो. इंग्रजीत मात्र घराला 'रिनोव्हेट' लागते आणि परवान्याला 'रिन्यू'. शब्दकोशात दोन्हींपुढे 'नवे करणे' हाच अर्थ दिलेला असतो. त्यामुळे विद्यार्थी त्यातले एक उचलतो आणि वाक्य चुकते.

यावर उपाय सोपा आहे. क्रियापद निवडण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या वस्तूचे नेमके काय गेले? मुदत, प्राण, ताजेपणा, की मूळ रूप? उत्तर मिळाले की क्रियापद सापडते.

१. रिन्यू : मुदत संपते तेव्हा. बँकेतली मुदत ठेव रिन्यू होते. रक्कम तीच राहते, मुदत नव्याने सुरू होते. परवाना, वाचनालयाचे पुस्तक आणि वर्गणी यांनाही हेच क्रियापद लागते.

२. रिव्हाइव्ह : प्राण गेल्यासारखी अवस्था असते तेव्हा. बेशुद्ध माणूस, कोमेजलेले रोप, लोप पावत चाललेली कला यांच्यासाठी. हे कर्माशिवायही चालते : 'द प्लान्ट रिव्हाइव्ह्ड आफ्टर द रेन.'

३. रिफ्रेश : ताजेपणा जातो तेव्हा. चहा थकलेल्याला रिफ्रेश करतो. 'रिफ्रेश माय मेमरी' म्हणजे मला पुन्हा आठवण करून द्या. आपण 'फ्रेश होऊन येतो' म्हणतो, त्या हातपाय धुण्याला मात्र इंग्रजीत 'फ्रेशन अप' म्हणतात.

४. रिस्टोअर : मूळ रूप किंवा मूळ स्थिती हरवते तेव्हा. वीजपुरवठा, शांतता, जुने चित्र रिस्टोअर होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांसाठी निजाम सरकारने १९२०च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांना नवी चित्रे काढायची नव्हती, जुनीच जपायची होती. म्हणून तेथे 'रिस्टोअर' योग्य, 'रिनोव्हेट' नव्हे. पुढे 'टू' लावले की हिरावलेली वस्तू मूळ मालकाला परत देणे असाही अर्थ होतो.

५. रिनोव्हेट : इमारत जुनी होते तेव्हा. येथे फरशी, रंग, दारे नवी बसवली तरी चालते.

६. रिव्हॅम्प : योजना, अभ्यासक्रम किंवा कार्यक्रम यांची रचना बदलायची असते तेव्हा. 'व्हॅम्प' म्हणजे जोड्याचा पुढचा वरचा भाग. जुन्या जोड्याला नवा वरचा भाग बसवणे हा या शब्दाचा मूळ अर्थ.

आता लक्षात ठेवण्याची युक्ती. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एकच असावे, असा विचार मांडला. त्याचा पुरावा या क्रियापदांतच सापडतो. 'रिनोव्हेट'मधला लॅटिन 'नोव्हुस' आणि 'रिन्यू'मधला 'न्यू' हे आपल्या 'नव'चे भाऊबंद. 'रिव्हाइव्ह'मधला लॅटिन धातू आपल्या 'जीव'चा नातलग. तारुण्य परत आणणे या अर्थाच्या 'रिजुव्हनेट'मध्ये आपला 'युवा' दडला आहे. हे नव, जीव, युवा संस्कृतात आहेत तसे पालीतही आहेत. तेव्हा हे शब्द आपल्याला परके नाहीत.

हा फरक केवळ परीक्षेच्या गुणांपुरता नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात 'फ्रेश' आणि 'रिन्यूअल' असे दोन प्रकार असतात. प्रथमच अर्ज करणाऱ्यासाठी 'फ्रेश' आणि आधीपासून शिष्यवृत्ती मिळणाऱ्यासाठी 'रिन्यूअल'. चुकीचा प्रकार निवडला तर अर्ज अडकू शकतो. आयुर्विम्यात चालू पॉलिसीच्या पुढच्या हप्त्याला 'रिन्यूअल प्रीमियम' म्हणतात. हप्ते थकून पॉलिसी बंद पडली तर तिचे 'रिव्हायव्हल' करावे लागते. त्यासाठी थकलेले हप्ते व्याजासह भरावे लागतात आणि प्रकृतीविषयी माहितीही द्यावी लागू शकते. बंद पॉलिसीत पूर्ण विमा संरक्षण उरत नाही. घरी आलेल्या पत्रात यांपैकी कोणता शब्द आहे, हे घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने वाचून सांगितले पाहिजे.

आणखी एक सूचना. या शब्दांतल्या 'रि'मध्येच 'पुन्हा' आलेले आहे. म्हणून 'रिस्टोअर बॅक' लिहू नये.

सरावासाठी रिकाम्या जागा भरा :

अ) प्लीज — माय पासपोर्ट.
आ) द डॉक्टर — द अनकॉन्शस मॅन.
इ) दे — द ओल्ड हॉस्टेल बिल्डिंग विथ न्यू टाइल्स.
ई) द पोलीस — पीस इन द टाउन.

उत्तरे : अ) रिन्यू, आ) रिव्हाइव्ह्ड, इ) रिनोव्हेटेड, ई) रिस्टोअर्ड.

प्रत्येक क्रियापदाची स्वतःच्या घरातल्या वस्तूंवर दोन-दोन वाक्ये वहीत लिहावीत आणि इंग्रजीच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावीत. पाठ केलेला अर्थ विसरतो, वापरलेला शब्द टिकतो.